लकवा सकाळी उतरत नाही आणि संध्याकाळी चढत नाही

फाईलच्या पहिल्या पानावर 'सीव्हीए', म्हणजे लकव्याचं डॉक्टरी नाव, ही तीन अक्षरं पडली की माणूस लकव्याचा पेशंट होतो. मग पुढं त्याला जे काही होईल ते लकव्याच्याच खात्यावर जमा होत जातं. घास तोंडातून सांडला, लकवा. बोलणं जड झालं, लकवा. पुन्हा तसंच झालं, दुसरा झटका. मी सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. माझे निम्म्याहून जास्त पेशंट लकव्याचेच असतात, त्यामुळे खरा लकवा माझ्या हातांच्या चांगल्या ओळखीचा आहे. आज लिहायचंय ते लकव्याच्या नावाखाली लपून राहणाऱ्या एका आजाराबद्दल. त्याचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस, स्नायू वापरले की पटकन थकवणारा आजार. साठी-सत्तरीच्या माणसांत तो फार वेळा ओळखू येत नाही, आणि त्यावर औषध आहे, म्हणून हे लिहिताना मला राहवत नाहीये.

आण्णांची गोष्ट सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आण्णा चौऱ्याहत्तरचे. सगळी हयात सांगलीच्या मार्केट यार्डात गेली, एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून. हळदीचे सौदे निघाले की दर पुकारायला आण्णाच पुढं. राजापुरी हळदीचे ढीग, भोवती खरेदीदारांचा घोळका आणि सगळ्यांच्या वर यांचा आवाज. काकी म्हणतात, घरी आल्यावरसुद्धा तो आवाज खाली यायचा नाही, पोरं अभ्यासाला गच्चीवर जायची.

एका रात्री जेवताना घास तोंडातच राहिला. बोलणं गेंगाणं झालं, ओठ ढिले पडले, पाणी प्यायला गेले तर ते नाकातून आलं. मुलानं लगेच गाडी काढली आणि दवाखान्यात नेलं. अगदी योग्य केलं. बीपी वाढलेलं, शुगर जुनी, वय सत्तरीपुढचं. एमआरआयमध्ये ताजं काही सापडलं नाही, पण वयोमानानुसार रक्तपुरवठा कमी झाल्याचे जुने बारीक ठिपके होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा चहा पिऊन नीट बोलायला लागले. छोटा झटका होता, वेळेत आलात, वाचलात, असं ठरलं. रक्त पातळ ठेवायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी घेऊन घरी आले. पुढं महिना-दीड महिन्यानं परत तोच प्रकार, परत सकाळी बरं. तिसऱ्या खेपेला मात्र बोलणं पुरतं परतलं नाही, हातापायातली ताकदही कमी वाटायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी फिजिओ लिहून दिली.

मधल्या काळात शेजारपाजारच्यांनी कबुतराचं रक्त चोळण्यापासून ते लकव्याचं औषध देणाऱ्या गावापर्यंत सगळं सुचवून झालं होतं. काकींनी यातलं काही केलं नव्हतं. त्यांच्या ठामपणाचं मला तेव्हाच कौतुक वाटलं.

लकव्याच्या माणसाला हात लावला की दोन-चार गोष्टी लगेच कळतात. एकच बाजू गेलेली असते. हात पहिल्यांदा लुळा असतो आणि काही आठवड्यांत कोपरात वळून छातीशी यायला लागतो, बोटं मिटतात, उघडताना कडकपणा जाणवतो. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. पुष्कळांना त्या बाजूला बधिरपणा असतो. आण्णांच्या हातापायात यातलं एकही लक्षण नव्हतं. कडकपणा नाही, बधिरपणा नाही, रिफ्लेक्स शांतपणे जागेवर. ताकद कमी होती ती दोन्ही खांद्यांत आणि दोन्ही मांड्यांत, सारखीच. फाईलमध्ये डावा चेहरा लिहिलेला, आणि मला सकाळी चेहरा दोन्हीकडून जवळपास सारखा दिसत होता.

एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, तरी मनात खूण करून ठेवली. मी सकाळी आठला जायचे. एका आठवड्यात वेळापत्रक बदललं आणि मी संध्याकाळी सहानंतर त्यांच्याकडे पोचले.

दार उघडलं तर आण्णा खुर्चीत हनुवटीखाली हात धरून बसलेले. पहिल्यांदा वाटलं, विचारात आहेत. मुलगा हळूच म्हणाला, "झटक्यापासून असेच बसतात, बोलतपण नाहीत फारसं. खचलेत." मी म्हटलं, "आण्णा, हात काढा बघू." त्यांनी हात काढला आणि मान पुढं गेली, हनुवटी छातीला टेकली. परत उचलायला त्यांना हाताचा आधार घ्यावा लागला. घरच्यांना ज्यात खचलेपण दिसत होतं, ती मान धरायची त्यांची धडपड होती. उजवी पापणी बुबुळाच्या अर्ध्यापर्यंत उतरली होती. उजवी. फाईलमध्ये तर सगळं डावीकडचं लिहिलेलं.

काकींना विचारलं, रोज संध्याकाळी असंच असतं का? त्या इतका वेळ कुणी हे विचारायची वाटच बघत असाव्यात, तशा बोलायला लागल्या. "आवो ताई, सकाळी ह्ये अगदी चांगलं असत्यात. दुधात कुस्करून भाकरी खात्यात, पेपर वाचत्यात. दुपारनंतर उतरत जातंय. रातच्याला भातसुदिक गिळवत न्हाई. चावताना जबडा असा हातानं वर धरत्यात." त्यांनी स्वतःचा जबडा तळहातानं वर दाबून दाखवला. "दोन-दोन टीव्ही दिसत्यात म्हणून टीव्ही लावत न्हाईत. डॉक्टरांनी ईचारलंच न्हाई, मग मी कसं सांगू?"

जबडा हातानं धरून चावणं हे शिकत असताना पुस्तकात वाचलेलं असतं. समोरच्या बाईनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते करून दाखवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

व्यायाम करताना मी पेशंटला मोठ्यानं आकडे मोजायला लावते. श्वास रोखला जात नाही आणि लक्षही राहतं. त्या दिवशी व्यायाम बाजूला ठेवला आणि नुसतं मोजायला सांगितलं. "आण्णा, सौद्यात पुकारायचात तसं, एकपासून पन्नासपर्यंत." दहापर्यंत आवाज खणखणीत. पंधराच्या पुढं शब्दांच्या कडा विरघळायला लागल्या. वीस-बावीसला आवाज नाकात शिरला. तिशीत 'तेहतीस' आणि 'चौतीस' वेगळे ऐकू येईनात. अडतीसच्या आसपास ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी थांबवलं. पाचेक मिनिटं काही न बोलता डोळे मिटून बसवलं, आणि परत विचारलं, "आण्णा, बरं वाटतंय?" ते स्पष्ट म्हणाले, "बरंय पोरी. आता आला बघ आवाज."

मेंदूतला जो भाग रक्ताविना मेला तो पाच मिनिटं विश्रांती घेऊन परत येत नाही. लकव्याच्या माणसालाही थकवा येतो, संध्याकाळी तोही जरा मंदावतो, पण पापणी दुपारी उतरायला लागून सकाळी परत वर जात नाही, आणि एका आठवड्यात डावी तर दुसऱ्या आठवड्यात उजवी असं करत नाही. वापरलं की संपतं, थांबलं की भरतं, ही खोड मज्जातंतू आणि स्नायू जिथं भेटतात त्या सांध्यातल्या आजाराची आहे.

त्या सांध्यात होतं असं: मज्जातंतूच्या टोकाकडून अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या ठरलेल्या जागी, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतं आणि स्नायू आकसतो. मायस्थेनियात शरीराचीच प्रतिकारशक्ती चुकून या रिसेप्टरांविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. जागा अडतात, नष्ट होतात. आण्णांना मी नंतर त्यांच्याच भाषेत सांगितलं: पुकारणारा पुकारतोय, पण निम्म्या खरेदीदारांच्या कानात बोळे घातलेत. पहिल्या दोन-चार पुकारांना कुणीतरी बोली लावतं, मग पुकारणाऱ्याचाही दम सरतो आणि सौदा तुटतो. ते मान डोलवत म्हणाले, "म्हणजे माल चांगलाच हाय की." हो, माल चांगलाच आहे. मेंदूही चांगला, मज्जातंतूही चांगला.

रोगाचं नाव उच्चारणं माझं काम नव्हे आणि मी ते उच्चारलं नाही. मुलाला सांगितलं, उद्या सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला मोबाईलवर व्हिडिओ काढ. दोन्हीत तेच करायला लाव: समोर बघणं, छताकडे टक लावून मिनिटभर बघणं, पन्नासपर्यंत मोजणं, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर धरून ठेवणं. सोबत मी एक चिठ्ठी लिहून दिली. त्यांच्या फिजिशियननी दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ पाहिले आणि तिथूनच मिरजेच्या न्यूरोलॉजिस्टना फोन लावला.

मिरजेच्या ओपीडीत मीही गेले होते, मुलानं आग्रह केला म्हणून. डॉक्टरांनी आधी बर्फ मागवला. हातमोज्यात बर्फाचे खडे भरून मिटलेल्या उजव्या डोळ्यावर दोन मिनिटं धरले. काढल्यावर पापणी वर. मोजपट्टीनं मोजली, दोन मिलिमीटरच्या वर फरक. थंडाव्यात अॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम मंदावतं, म्हणून थोडा वेळ ते रसायन पुरून उरतं. मग त्याच एन्झाइमला अडवणाऱ्या निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं, त्याच्या त्रासावर उतारा म्हणून अॅट्रोपिन सोबत. साधारण वीस मिनिटांनी आण्णांनी हनुवटीखालचा हात काढला आणि तो काढल्याचं त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. काकींच्या आलं. त्या काही न बोलता पदरानं डोळे पुसत राहिल्या.

पुढं नर्व्हची तपासणी झाली. सेकंदाला तीन या गतीनं मज्जातंतूला बारीक झटके देतात आणि स्नायूचा प्रतिसाद मोजतात. निरोगी माणसात तो तसाच राहतो. या आजारात पहिल्यापेक्षा चौथा-पाचवा प्रतिसाद दहा टक्क्यांहून जास्त घसरतो. आण्णांचा घसरला. रिसेप्टरविरोधी अँटिबॉडीची रक्ततपासणीही पॉझिटिव्ह आली. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियात साधारण ८५ टक्के पेशंटमध्ये ती पॉझिटिव्ह येते. उरलेल्यांतल्या काहींमध्ये मस्क नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात, त्यांचा शोध २००१ सालचा. म्हणजे एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून विषय मिटत नाही. शेवटी छातीचा सीटी स्कॅन, कारण दहा-पंधरा टक्के पेशंटमध्ये छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ निघते. आण्णांच्या छातीत तसं काही नव्हतं.

आता प्रश्न पडतो की हे आधीच का दिसलं नाही. मला यात कुणा एकाला दोष द्यावासा वाटत नाही. मेंदूच्या देठातला छोटा लकवा खरोखरच असं करतो: दोन दिसणं, गिळता न येणं, बोलणं अडखळणं. असा बारीक लकवा पहिल्या काही तासांत एमआरआयवर कधी कधी दिसतही नाही. त्यामुळे रात्री इमर्जन्सीत बसलेल्या डॉक्टरांनी आधी लकवाच धरला तर ते पेशंटच्या हिताचंच आहे. गाडी अडते ती पुढं. सत्तरीतल्या मेंदूचा एमआरआय काढला तर जुने बारीक ठिपके पुष्कळांत निघतात, आणि मग तेच पुरावा म्हणून पुढच्या प्रत्येक फाईलला चिकटतात. उतरलेली पापणी वयावर जाते, चावताना दमणं कवळीवर जातं, गप्प बसणं मनावर जातं. त्यात मायस्थेनिया हा तरुण बायकांचा आजार असं पुष्कळांच्या डोक्यात बसलेलं. तरुणपणी तो बायकांत जास्त आढळतो हे खरं, पण त्याचं दुसरं टोक साठीनंतर येतं, आणि तिथं पुरुष जास्त असतात. अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्याचं ऐंशीच्या दशकात पेपरात आलं होतं, तेवढ्यानं नाव आपल्याकडे ऐकून माहीत झालं. म्हाताऱ्या माणसाला होतो हे मात्र पोचलंच नाही.

आणि सगळ्यांत मोठं कारण, पेशंट डॉक्टरांपुढं येतो तो सकाळी. अंघोळ करून, रात्रभर झोपून, रांगेत बसून विश्रांती घेऊन. तेव्हा तो दिवसातला सगळ्यांत चांगला दिसतो. लंडनचे डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ साली अशाच एका बाईचं वर्णन करून ठेवलंय: ती आधी मोकळेपणानं बोलते, पण फार वेळ किंवा घाईनं बोलली की वाचाच बंद होते आणि तास-दोन तास परत येत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांच्यापाशी ना एमआरआय होता ना रक्ततपासणी. दिवसभरात काय होतं हे विचारलं असणार, ऐकून घेतलं असणार.

उशीर का परवडत नाही, ते आता. हा आजार श्वासाच्या स्नायूंवर गेला की माणूस व्हेंटिलेटरवर जातो. त्याला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आलेत आणि ९७-९८ आकडा दिसला की लोक निश्चिंत होतात. या आजारात तो आकडा फार उशिरा पडतो, तोवर स्नायू थकून गेलेले असतात. आडवं झाल्यावर दम लागणं, वाक्य तोडून-तोडून बोलणं, खोकला जोरात काढता न येणं, लाळही गिळता न येणं, यातलं काही दिसलं तर आकड्याकडे न बघता हॉस्पिटल गाठायचं.

शिवाय काही नेहमीची औषधं हा आजार भडकवतात. जेंटामायसिन-अमिकासिनची इंजेक्शनं, सिप्रोफ्लोक्सासिन-लेव्होफ्लोक्सासिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, बीपीच्या गोळ्यांमधले बीटा ब्लॉकर. लकव्यानंतर हटकून देतात त्या स्टॅटिन गोळ्यांनीही थोड्या लोकांत त्रास वाढतो. लकवा समजून गिळताना ठसका लागून न्यूमोनिया झाला, त्यावर अशांपैकी एखादं अँटिबायोटिक दिलं गेलं, तर काय होईल ते सांगायला नको. आमच्या क्षेत्राचंही सांगते. लकव्यात पुनःपुन्हा करून घेणं हाच उपचार असतो, आम्ही 'अजून दहा' म्हणत राहतो. मायस्थेनियाचं निदान आणि औषध होण्याआधी असं रेटणं म्हणजे त्या माणसाची उरलीसुरली ताकद काढून घेणं.

पण एक गोष्ट हात जोडून सांगते. हे वाचून कुणी घरच्या घरी लकवा नाही असं ठरवू नका. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं बिघडलं, तर घड्याळ बघायचं आणि थेट स्ट्रोकची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्यायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. संध्याकाळ-सकाळीचा विचार त्यानंतरचा, विशेषतः असे 'झटके' परत परत येऊन परत परत पूर्ण बरे होत असतील तर.

आण्णांना पायरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. ही गोळी त्याच औषध-कुळातली आहे ज्यातलं फिजोस्टिग्मिन १९३४ साली मेरी वॉकर यांनी लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सेंट अल्फेज हॉस्पिटलात पहिल्यांदा टोचून पाहिलं. त्या काही नामांकित तज्ज्ञ नव्हत्या, वॉर्ड सांभाळणाऱ्या सहाय्यक डॉक्टर होत्या. या आजाराची लक्षणं क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या लक्षणांसारखी आहेत, आणि त्या विषावर फिजोस्टिग्मिनचा उतारा चालतो, हे दोन धागे त्यांनी जोडले. त्यांच्या पेशंटची पापणी काही वेळापुरती का होईना, वर गेली. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. रोज पेशंटच्या उशाशी उभं राहणाऱ्या माणसालाच असं काही सुचू शकतं.

गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तास टिकतो, म्हणून आण्णांचं जेवण आता गोळीच्या घड्याळावर चालतं. आधी गोळी, मग अर्ध्या तासानं जेवण, आणि मुख्य जेवण दुपारी. रात्री जोंधळ्याच्या कण्या ताकात शिजवून, मऊसर. सुरुवातीला पोटात मुरडा आणि जुलाब झाले, लाळ वाढली. डॉक्टरांनी डोस हलवला, कमी झालं. प्रतिकारशक्तीला आवर घालायला स्टेरॉइड हळूहळू वाढवत दिलं, कारण एकदम मोठा डोस दिला तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत ताकद आणखी घसरू शकते. शुगर वाढली, त्यासाठी इन्सुलिन लागलं. पुढं स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून अझाथायोप्रिन, प्रतिकारशक्तीला आवरणारीच दुसरी गोळी. तिचा परिणाम दिसायला कित्येक महिने लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर मधेच बंद करतात. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली.

माझं कामही बदललं. आता व्यायाम सकाळी, गोळीनंतर तासाभरानं. पाच वेळा करायचं, दोन मिनिटं बसायचं, परत पाच. आकडे मनात मोजायचे. आवाज त्यांनी नातवंडांसाठी राखून ठेवायचा.

आण्णांच्या खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. एका बाजूला मराठीत, एका बाजूला इंग्रजीत: आजाराचं नाव, चालू औषधं, टाळायची औषधं, न्यूरोलॉजिस्टचा नंबर. काकींनी त्याची एक प्रत देवघराशेजारी चिकटवली आहे आणि एक औषधाच्या दुकानात देऊन ठेवली आहे. गेल्या महिन्यात घसा धरला म्हणून आण्णा गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अझिथ्रोमायसिन लिहिलं, कार्ड वाचलं, चिठ्ठी फाडली, न्यूरोलॉजिस्टना फोन केला आणि दुसरं औषध लिहून दिलं.